दहापैकी चार : एका एपिसोडच्या समीक्षेचं प्रकरण

आमच्या गटातल्या एका पोट्ट्याने 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या एपिसोडची समीक्षा लिहून आणली. हाताने लिहिलेली पाच पानं, शेवटी तक्ता. प्रत्येक स्किटला दहापैकी गुण, खाली बेरीज, सरासरी चार. निकाल एका ओळीत: 'एपिसोड पडला.' पुढचे तीन रविवार आम्ही त्या तक्त्याशी भांडण्यात घालवले आणि त्यापायी कोजागिरीच्या रात्रीचा आमचा स्वतःचा कार्यक्रम पार उलटापालटा झाला. स्किटं लिहिणाऱ्या आणि पाहणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

माणसं आणि निमित्त

आम्ही आठ जण. नागपुरात बजाजनगर, लक्ष्मीनगर, त्रिमूर्तीनगर अशा भागांत विखुरलेले. रविवारी सकाळी माझ्या घरी जमतो, तर्री पोहे खातो आणि स्किटं लिहितो. ती गणपतीत होतात, कोजागिरीला होतात, कधी कुणाच्या निवृत्तीच्या समारंभात होतात. पैसे मिळत नाहीत. एकदा मिळाले होते, ते पोह्यांतच गेले.

यातल्या चौघांशी इथे काम आहे. समीक्षा लिहिणारा पोट्टा बँकेत आहे, वय पंचवीस, रोज लोकमान्यनगरहून मेट्रोने सीताबर्डीला जातो. गुरुजी निवृत्त शिक्षक, मूळचे भंडारा जिल्ह्यातले, खडी गंमत हा लोकनाट्याचा प्रकार आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रात्र-रात्र चालणारी नाटकं पाहून मोठे झालेले. वकीलताई जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करतात. चौथी एक मुलगी, लायब्ररीत काम करते, गटात सगळ्यात कमी बोलते.

निमित्त कोजागिरीचं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या रात्री नऊपासून पार साडेबारापर्यंत लोक बसतात. गाणी, अंताक्षरी, मग दूध. या वेळी मंडळाने सांगितलं, अख्खा वेळ तुम्हीच घ्या. दहा मिनिटांची स्किटं करणं वेगळं आणि साडेतीन तास रात्र ओढून नेणं वेगळं. म्हणून मी म्हटलं, अशा रात्रीच्या कार्यक्रमाची पहिली खेप कुणी कशी रचली ते पाहू. सरावलेल्या लोकांचं काम नको, चाचपडणाऱ्यांचं हवं. त्यावरून ११ ऑक्टोबर १९७५ चा तो एपिसोड निघाला.

त्याची हकीकत थोडक्यात. एनबीसी वाहिनीवर शनिवारी रात्री साडेअकराला जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'चे जुने भाग लागायचे. ते कार्सनला तिथून काढून घ्यायचे होते, म्हणून जागा रिकामी झाली. ती भरायला लॉर्न मायकल्स नावाच्या तरुण निर्मात्याला दीड तास दिला गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधला ८एच हा स्टुडिओ मिळाला, जो मुळात रेडिओसाठी बांधलेला होता. सगळं थेट, चूक झाली तर झाली. नावसुद्धा अजून आजचं नव्हतं. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या नावाचा एक कार्यक्रम दुसऱ्या वाहिनीवर नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे यांनी स्वतःला 'एनबीसीज सॅटर्डे नाइट' म्हणवून घेतलं. तो दुसरा काही महिन्यांत बंद पडला आणि नाव यांच्याकडे आलं.

एक गंमत मला फार आवडते. न्यूयॉर्कला शनिवारची रात्र साडेअकरा वाजते, तेव्हा त्यांच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे आपल्याकडे रविवारची सकाळ नऊ. म्हणजे तो मध्यरात्रीचा कार्यक्रम जिवंत पाहायचा तर नागपूरकराने तो पोहे खाता खाताच पाहायचा!

तक्ता

आता समीक्षा. भाषा चांगली होती, हे कबूल करतो. पोट्टा वाचतो आणि लिहितो. पण प्रत्येक परिच्छेदाची घडण एकच: स्किटची कल्पना काय, पंच (हशा काढणारी जागा) कुठे, शेवट जमला का, गुण.

पहिलं स्किट, तीन. एक परदेशातून आलेला माणूस इंग्रजी शिकायला शिक्षकाकडे येतो. शिक्षक त्याच्याकडून वाक्यं घोकून घेतो आणि प्रत्येक वाक्यात वुल्व्हरिन नावाचा जंगली प्राणी. तुमच्या बोटांची टोकं वुल्व्हरिनला खाऊ घालायला मला आवडेल, अशा छापाची. विद्यार्थी निष्ठेने म्हणत राहतो. मग शिक्षक छाती धरतो आणि झटका येऊन खाली कोसळतो. विद्यार्थी क्षणभर पाहतो आणि धडा समजून स्वतःही तसाच छाती धरून कोसळतो. शिक्षक मायकल ओ'डोनह्यू, विद्यार्थी जॉन बेलुशी. समीक्षेतला शेरा: 'दोघं पडतात आणि संपतं. शेवट नाही.'

अँडी कॉफमनला एक. 'एक माणूस रेकॉर्ड लावून उभा आहे. काही करत नाही.'

दाढीच्या पात्यांच्या खोट्या जाहिरातीला चार. बातम्यांना तीन. कोर्टाच्या स्किटला दोन. मपेट्सच्या बाहुल्यांना दोन. पाहुणा सूत्रधार जॉर्ज कार्लिन मात्र सात, सात आणि सहा. गाण्यांना गुणच नाहीत, त्या रकान्यात नुसती रेघ.

वाचून झाल्यावर दोघं-तिघं म्हणाले, बरोबर आहे की. पन्नास वर्षांपूर्वीचा विनोद आज कशाला हसवेल? गुरुजींनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"बाबू, तू एपिसोड नाई पाह्यला. तू पेपर तपासले."

पोट्टा चिडला. "गुरुजी, पूर्ण पाह्यला मी. चार दिवस लागले."

मी त्या 'चार दिवस' या शब्दांशी अटकलो.

अटकलेलं नेट

तर असं झालं होतं. त्याने एपिसोड पाहिला होता मेट्रोत. वेगवेगळ्या तुकड्यांच्या क्लिपा, एका कानात इअरफोन, जाताना दोन-तीन, येताना दोन-तीन. गाणी सोडून, कारण 'गाण्यात समीक्षा काय करायची'. क्रमही आपला हाताला लागेल तसा. पाहता पाहता मोबाइलवरच गुण टाकायचे, घरी येऊन वहीत उतरवायचे.

कॉफमनचा तुकडा त्याने शंकरनगर चौक ते झाशी राणी चौक या टप्प्यात पाहिला. मी विचारलं, तो माणूस काहीच करत नाही असं तू लिहिलंस, मग शेवटपर्यंत काहीच करत नाही का?

"एक ओळ म्हणतो. म्हणजे म्हणतबी नाही, नुसतं तोंड हलवतो. त्याच्या आधी तर मला वाटलं नेटच अटकलं. मी दहा-दहा सेकंद पुढे ढकलत गेलो."

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळं प्रकरण या एका बोटाच्या टिचकीत आहे.

कॉफमन करतो ते असं. बाजूला रेकॉर्ड प्लेअर. मुलांच्या एका जुन्या कार्टूनचं, उडणाऱ्या उंदराचं, गाणं लागतं. गाणं चालू आहे आणि हा नुसता उभा. डोळे भिरभिरताहेत, हात कुठे ठेवावे कळत नाही, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ढकलून पाठवलेलं पोरगं असावं तसा. प्रेक्षकांना कळेना की हा विसरला की काय. मग गाण्यात नायकाची ती एकच ओळ येते, संकटातून वाचवायला मी आलो, अशा अर्थाची. आणि हा माणूस एकदम ताठ होतो, हात झोकदार उंचावतो आणि त्या ओळीपुरते राजासारखे ओठ हलवतो. ओळ संपली की परत तोच अवघडलेला पोरगा. ओळ पुन्हा येईपर्यंत वाट पाहायची. मधे तो पाण्याचा ग्लास उचलून घोट घेतो. बस.

म्हणजे वाट पाहणं हेच स्किट आहे. आमच्या समीक्षकाने दहा-दहा सेकंदांनी तेच कापून काढलं आणि उरलेल्याला एक गुण दिला. त्याच्याकडे उरलं होतं ते एक गुणाचंच होतं, त्याचं गणित चुकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही एपिसोड टीव्हीवर, सलग, गाण्यांसकट लावला. नऊ वाजता, पोह्यांसोबत. कॉफमन आला तसे आम्ही सगळेच चुळबुळलो. समीक्षकाचा हात सवयीने रिमोटकडे गेला. गुरुजींनी मनगट धरलं. "थांब नं बाप्पा." पहिली ओळ आली, सगळे फुटले. दुसऱ्या वेळी लोक ओळ यायच्या आधीच हसू लागले. पाण्याच्या घोटाला वकीलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. समीक्षक काही बोलला नाही, पण हसला, मी पाहिलं.

पहिल्या स्किटचंही तसंच. 'शेवट नाही' हा शेरा क्लिपेपुरता खरा. दोघं मरून पडलेत, आणि कानाला हेडफोन लावलेला एक माणूस सेटमध्ये चालत येतो. तो स्टेज मॅनेजर वाटतो. तो पडलेल्यांकडे बघतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि न्यूयॉर्कहून थेट, शनिवारची रात्र आहे, असं ओरडून जाहीर करतो. चेव्ही चेस. त्या दिवसापासून आजवर, थोडे अपवाद सोडले तर, तो कार्यक्रम त्याच हाळीने सुरू होतो. आमच्या समीक्षकाने ही हाळी ऐकली होती, पण 'ते टायटल आहे' म्हणून हिशेबात धरली नाही. स्किटचा शेवट तर तीच होती. गोष्टीत माणसं मेली, आणि गोष्टीबाहेरचा माणूस आत घुसून म्हणाला, हे सगळं आत्ता चाललं आहे.

गुरुजींना यात काहीच नवल वाटलं नाही. खडी गंमतीत शाहीर उभ्याउभ्या गोष्टीतून बाहेर येतो, समोर बसलेल्या पाटलाला एक टोमणा हाणतो आणि परत गोष्टीत शिरतो. "त्याले काय एपिसोडचा शेवट म्हणशील का गंमतीची सुरुवात? दोन्ही एकच," ते म्हणाले.

पात्यांची जाहिरात मात्र वेगळ्या कारणाने गेली होती. शेरा होता: 'तीन पात्यांच्या रेझरमध्ये विनोद काय? माझ्याकडे पाच पात्यांचा आहे.' हे वाचून मी हसून हसून लोळलो. १९७१ साली जिलेटने दोन पात्यांचा रेझर बाजारात आणला होता. चार वर्षांनी या लोकांनी खिल्ली उडवली की आता तीन पाती काढा, लोक काय, कशावरही विश्वास ठेवतील. १९९८ साली जिलेटने खरोखरच तीन पात्यांचा 'माक थ्री' काढला, पुढे पाच पातीही आली. विनोद शिळा नाही झाला, खरा झाला. समीक्षकाने गुण कापले ते रोज सकाळी गालावर तोच विनोद फिरवून!

बातम्यांवर जरा वाद झाला. 'वीकेंड अपडेट', चेव्ही चेस टेबलामागे बसून आठवड्याच्या बातम्यांची टर उडवतो. अर्ध्या बातम्या आम्हालाही कळल्या नाहीत. समीक्षक म्हणाला, कळत नाही तर तीनच देणार ना? मी त्याला मारबतीची आठवण दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, तेही पुतळेच. प्रत्येक बडग्याच्या गळ्यात त्या वर्षीचा संताप पाटीवर लिहून: महागाई, खड्डे, कुणाचा तरी घोटाळा. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवायचं आणि त्याच दिवशी जाळून टाकायचं. दहा वर्षांपूर्वीच्या बडग्याचा फोटो आज दाखवला तर निम्मे नागपूरकर विचारतील, हा कोण बे? म्हणून तो बडगा वाईट होता असं होतं का? तो त्याच दुपारसाठी बनवला होता. बातम्यांच्या विनोदाला गुण द्यायचे तर त्या शनिवारच्या रात्रीत बसून द्यावे लागतात, किंवा मग देऊच नयेत. समीक्षकाला हे अर्धवट पटलं. मलाही पूर्ण पटलेलं नाही, कारण काही बडगे खरंच भुक्कड असतात.

निकाल बरोबर, कारणं चूक

इथवर वाटेल की आम्ही त्या एपिसोडची वकिली करत होतो. तसं नाही. दोन वेळा सलग पाहिल्यावर माझंही मत झालं की एपिसोड कमजोर आहे. म्हणजे पोट्ट्याचा निकाल बरोबरच होता. पण तक्त्यातून जे कारण दिसत होतं, ते नेमकं उलटं.

कार्लिनला सर्वांत जास्त गुण. बरोबर, तो कसलेला माणूस. टी-शर्टवर सूट घालून येतो, बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल यांची तुलना करतो, एकेक शब्द तोलून. पण तो पुन्हा येतो, पुन्हा येतो. एकट्याचं स्टँडअप, तुकड्या-तुकड्यांनी. स्किटांत तो नाही. त्याशिवाय बिली प्रेस्टन आणि जेनिस इयन हे दोन गायक, दोघांची दोन-दोन गाणी. एक स्वतंत्र स्टँडअप करणारी बाई, एक छोटी फिल्म, बाहुल्या. या सगळ्यात जी सात तरुण माणसं या कार्यक्रमाचा कणा होणार होती (बेलुशी, चेस, डॅन अ‍ॅक्रॉइड, गिल्डा रॅडनर, जेन कर्टिन, लॅरेन न्यूमन, गॅरेट मॉरिस) त्यांच्या वाट्याला उरलं किती? तुकडे.

कार्यक्रमाला स्वतःच्या माणसांवर भरवसा नाही, म्हणून तो दर थोड्या वेळाने नावाजलेल्या माणसाकडे पळतो. पहिल्या एपिसोडचं खरं दुखणं हे. आणि तक्ता काय सांगतो? कार्लिनच्या सात-सात-सहाने सरासरी वर गेली. ज्या गोष्टीने एपिसोड पाडला, तिनेच त्याचे गुण वाढवले! सरासरी काढली की असं होतं. स्किट-स्किट मोजणाऱ्याला दोन स्किटांच्या मधली जागा दिसत नाही, आणि दीड तासाचा कार्यक्रम तर त्या जागांतच घडतो किंवा बिघडतो.

कोर्टाच्या स्किटच्या दोन गुणांवर मात्र कुणी हरकत घेतली नाही. एक बाई साक्ष देते आहे, हल्लेखोर काय म्हणाला ते तोंडाने सांगवत नाही म्हणून ती चिठ्ठीवर लिहून देते, चिठ्ठी ज्युरीत फिरते, एका डुलक्या काढणाऱ्या ज्युरीच्या हातात पडते आणि त्याचा भलताच गैरसमज होतो. वकीलताई म्हणाल्या, "रचना चोख आहे. पण मी अशा बाया कटघऱ्यात रोज पाहते. मला नाही हसू येत." मग समीक्षकाकडे वळून, "पण तू दोन दिलेस ते 'पंच ओळखीचा आहे' म्हणून. ते मला चालणार नाही. ओळखीचा पंच असला तरी लोक हसतातच. कमी दे, पण कशासाठी कमी ते लिही." तिसऱ्या रविवारी त्याने हा परिच्छेद नव्याने लिहून आणला आणि तो पाचही पानांत सगळ्यात चांगला झाला.

बाहुल्यांबद्दल: दोन गुण ठीक. सलग पाहून, क्लिप पाहून, कसंही पाहून दोनच. पहिल्या हंगामानंतर त्या कार्यक्रमात फार टिकल्या नाहीत.

आता ही गुण देण्याची खोड आली कुठून? अमेरिकेतून नाही, हे नक्की. आम्ही सगळे स्पर्धेत वाढलो. राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर केंद्र, साइंटिफिक सभागृहात मागच्या रांगेत बसून 'याला अभिनयाचं मिळणार' म्हणत पैजा लावणं, कॉलेजच्या एकांकिका. टीव्हीवरही तेच. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये स्किट संपलं की कॅमेरा परीक्षकांच्या खुर्चीकडे जातो, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक काय म्हणतात ते ऐकायचं, मग पुढचं स्किट. मला तो कार्यक्रम आवडतो, त्यातली मंडळी भारी आहेत. पण त्याची बांधणीच अशी की प्रत्येक स्किट पाटी पुसून सुरू होतं. आधीच्या स्किटचं ओझंही नाही, आधारही नाही. असं रोज पाहणाऱ्याला सलग रात्र रचलेला कार्यक्रम दिला तर तो आपोआप त्याचेही तुकडे पाडतो. मीही पाडायचो. गटात गुण देण्याची पद्धत मीच सुरू केली होती, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

गच्चीवर

कारण कोजागिरीची यादी आम्ही तशीच केली होती. नऊ स्किटं, प्रत्येकाला सगळ्यांनी गुण दिलेले. सगळ्यात जास्त गुणांचं पहिलं, दुसऱ्या नंबरचं शेवटी, उरलेली मधे कोंबलेली. लायब्ररीवाल्या मुलीचं एक स्किट तीन गुण मिळून यादीबाहेर गेलं होतं. रात्रपाळीचा वॉचमन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशी बोलतो, टाकी टपटपून उत्तर देते. संवाद जेमतेम दीड पान. बाकी सगळं थांबणं.

यादी फाडली. या वेळी आधी घड्याळ मांडलं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा कायदा. म्हणजे आमच्या रात्रीचे आपोआप दोन भाग पडतात: नऊ ते दहा माइकसह, दहानंतर नुसता गळा. इतकी वर्षं आम्ही याकडे अडचण म्हणून पाहिलं. या वेळी मात्र ओरडायची, गाण्याची, भांडणाची स्किटं दहाच्या आत घेतली. दहाला माइक बंद करायचा तोच प्रसंग स्किटात घातला: मंडळाचा सेक्रेटरी येऊन बोलणाऱ्या नटाच्या हातातून माइक काढून घेतो आणि नट तसाच पुढे बोलतो. हा चेव्ही चेसच्या हेडफोनचा आमचा गच्चीवरचा चुलतभाऊ. मग बिनमाइकच्या बातम्या, बडग्याच्या वेषात, गळ्यात पाटी. बाराला दूध. दुधानंतर, जी मंडळी उरतील त्यांच्यासाठी, टाकी.

हे शेवटचं धाडस आम्ही तिथूनच उचललं. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये एक वाजायला दहा मिनिटं असताना लागणारं शेवटचं स्किट बहुतेक वेळा सगळ्यात विचित्र असतं. अर्धे प्रेक्षक झोपलेले, जागे आहेत ते काहीही चालवून घ्यायच्या मनःस्थितीत. गुरुजी म्हणाले, झाडीपट्टीतबी असंच. दहाला पडदा उघडतो, उजाडेपर्यंत नाटक. अकराला जे प्रेक्षक मागतात ते पहाटे तीनला मागत नाहीत.

त्यांची आणखी एक रीत घेतली. तिकडे शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांपुढे पूर्ण तालीम होते, त्यात जे पडतं ते साडेअकराच्या आत कापलं जातं. पहिल्याच रात्री बिली क्रिस्टल नावाचा तरुण विनोदवीर असाच वेळेअभावी कापला गेला होता. आम्ही आदल्या संध्याकाळी चार काकू, वॉचमनचं कुटुंब आणि तीन लहान पोरं यांच्यापुढे सगळं करून दाखवलं. दोन स्किटं कापली, त्यातलं एक माझं. काकूंनी माझ्या स्किटात आपापसांत दुधाला किती साखर लागेल याचा हिशेब सुरू केला होता, त्यामुळे मला फार वाद घालता आला नाही.

रात्र कशी झाली? सगळं जमलं असं नाही. आम्हाला ज्याची सगळ्यात जास्त खात्री होती ते बँकेच्या केवायसीचं स्किट भेळ वाटायच्या वेळेला सापडलं आणि मेलं. बडग्याच्या बातम्यांना म्हातारी मंडळी हसली, पोरांनी मोबाइल काढले. माइक हिसकावण्याचं मात्र असं जमलं की दोघा-तिघांनी खऱ्या सेक्रेटरीला दटावलं, "अरे, बोलू द्या ना त्याला."

दूध झालं. सव्वाबाराला खुर्च्यांवर वीस-बावीस माणसं. चंद्र डोक्यावर. आमचा समीक्षकच वॉचमन झाला होता, ब्लँकेट पांघरून. तो खऱ्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "जेवली का?" आणि थांबला. आम्ही आत ओल्या फडक्याने टपटपीची सोय केली होती, पण ती वापरायच्या आधीच खऱ्या टाकीचा बॉलकॉक एकदा गुळगुळला. कुणीच ठरवलेलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला. एकेक जण हसायला लागला, हळूहळू, घरात कुणी झोपलं असताना हसतात तसं. लायब्ररीवाली मुलगी जिन्यात तोंड दाबून बसली होती. मी घड्याळ पाहिलं नाही.

चित्रीकरण मोबाइलवर केलं होतं, मोबाइल दुधाच्या शेगडीजवळ ठेवलेला. त्यात शेगडीची फुसफुस आहे, टपटप नाही, बॉलकॉक नाही, हसणंही जवळपास नाही. फक्त ब्लँकेटमधला एक माणूस टाकीसमोर उभा. सोसायटीतल्या एकांच्या मुलाला पुण्याला ते पाठवलं, तर त्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला. बाकी मस्त आहे, म्हणाला, पण शेवटी व्हिडिओ अटकला का?

फोन समीक्षकाच्याच हातात होता. "नाई अटकला," तो म्हणाला. "पुढे ढकलू नको."